वजनाबाहेरची मूठ

पैदास केंद्राचा ट्रक उद्या सकाळी येणार हे ठरल्यापासून आईने कोणाशी भांडण काढलं नव्हतं. तिने फक्त भांडी घासायला काढली होती. घासून झालेली पुन्हा घासत होती. आई चिडली की तिच्याऐवजी पातेली बोलतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे दुपारनंतर स्वयंपाकघराकडे कोणी फिरकलं नाही. आत्या तेवढी दारात खुर्ची टाकून बसली होती. ती बाबांची मोठी बहीण. तिला घाबरवेल असं या घरात आता कोणी उरलं नव्हतं.

"एका गाईपायी केवढी ही आदळआपट," आत्या म्हणाली.

आईने पुढचं पातेलं ओढलं. आदळआपट गाईपायी नव्हती, आणि ते आत्यालाही ठाऊक होतं.

मोरीवरच्या खिडकीतून गोठ्याची मागची बाजू दिसायची. गाईंच्या रांगेच्या टोकाला, भिंतीला लागून, एक काळीपांढरी पाठ शांतपणे हलत होती. ही कोपऱ्यातली. ट्रक येणार होता तो हिच्यासाठीच.

'कोपऱ्यातली' हे तिचं नंतरचं नाव. आधी ती 'धाकटीची' होती. जन्मली तेव्हा उभीच राहीना. जगणार नाही म्हणून बाबांनी हात झटकले, तेव्हा घरातल्या धाकट्या लेकीने तिचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजलं आणि हट्टाने जगवली. पुढे ती लेक बापाशी भांडून घरातून गेली. लांबच्या शहरात नोकरीला लागली. बाबांनी तिचं नाव काढायचं नाही असं काही फर्मान सोडलं नव्हतं. त्यांनी स्वतः काढणं बंद केलं, आणि बाकीच्यांनी आपापलं समजून घेतलं. मग 'धाकटीची गाय' म्हणतानाही जीभ अडखळायला लागली, आणि गाय ज्या जागी बांधली जायची त्या जागेचंच नाव तिला चिकटलं.

आईच्या मते लेक परत येण्याला दोन कारणं होती. एक आई स्वतः. ते कारण पुरत नाही हे इतक्या वर्षांत दिसलंच होतं. दुसरं ती गाय. आईला धाकटी हवी होती. समोर हवी होती, या मोरीशी, हात ओले करून बडबड करणारी. ते जमत नाही म्हणून ती रोज खिडकीतून त्या पाठीकडे बघून घ्यायची. उद्या तीही जागा रिकामी होणार होती.

"बोल की त्याच्याशी," आत्या म्हणाली. "नवरा तुझा आहे, माझा नाही."

"भाऊ तुमचा आहे ना? तुम्ही बोला."

आत्या गप्प बसली. आत्या गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर, हे आईलाही कळलं. तिने हातातलं पातेलं पालथं घातलं आणि नळ बंद केला.

*

गोठ्यात बाबांची स्वारी मात्र खुशीत होती. सदरा धुतलेला होता, दाढी गुळगुळीत होती. केंद्राकडून आलेल्या सल्लागार बाई ट्रकच्या आधी एकदा गाय बघून जाणार होत्या. त्या गाय बघतील, फळा बघतील, सही करतील आणि जातील, असा बाबांचा हिशेब.

फळा दूधखोलीत होता. काटा आणल्यापासून बाबांनी गोठ्याला एक नियम घालून दिला होता. प्रत्येक गाईपुढे पडणारं खाद्य तोलून टाकायचं, गव्हाणीत उरलेलं परत तोलायचं, आणि किलोभर खाण्यामागे तिने दूध किती दिलं ते खडूने फळ्यावर लिहायचं. खाल्लेलं दुधात दिसलं पाहिजे. ज्या गाईचं दिसलं नाही ती गोठ्यातून बाहेर. या नियमाने तांबडी गेली. तांबडी आईची फार लाडकी होती, तिच्या हाकेला मान वळवायची. तरी गेली. बाबा म्हणाले, नियम म्हणजे नियम.

आणि त्याच फळ्यावर कोपऱ्यातली सगळ्यात वर होती. माप सगळ्यांना तेच, पण तिच्या गव्हाणीत उरायचं जास्त; म्हणजे शेजारच्या गाईंपेक्षा खाणं कमी, दूध भरपूर. बाबांनी तो आकडा दूध न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवला होता. जुनंच मिश्रण, जुनंच माप, एका दाण्याचा बदल नाही, आणि बघा. ते 'बघा' ज्या एका माणसासाठी होतं ते माणूस ऐकायला तिथे नव्हतं. तेवढीच खोट होती.

कारण भांडण यावरूनच झालं होतं. धाकटी जनावरांच्या आहाराचं शिकून आली आणि आल्या आल्या म्हणाली की ताज्या व्यालेल्या गाईंना आपण उपाशी मारतोय. सगळ्यांना एकच माप कसं चालेल? बाबा म्हणाले, आजवर चाललं. ती म्हणाली, चाललं नाही, गाईंनी चालवून घेतलं. मग चार लोकांसमोर, दुधाच्या किटल्या भरत असताना, बाबा म्हणाले की माझ्या गोठ्यात काय घालायचं ते मला शिकवायचं नाही, आणि गोठा तसाही थोरल्याचा आहे.

थोरला तेव्हा तिथेच होता. हातात बादली होती. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं बरोबर आहे हे त्याला माहीत होतं, कारण व्यालेल्या गाईंना रोज हात तोच लावायचा आणि बरगड्या त्याच्याच हाताला लागायच्या. एक शब्द बोलायचा होता. तो बादली घेऊन पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा ती तिथे नव्हती, आणि त्यानंतर गोठा खरोखरच त्याचा झाला.

आता तो काट्याशी उभा राहून सल्लागार बाईंकडे बघत होता. बाई तरुण होत्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलणं कमी. त्यांनी कोपऱ्यातलीच्या कमरेच्या हाडांवर तळवा दाबला. मग शेपटीच्या मुळाशी बोटं रोवली. मग कण्यावरून हात फिरवत पुढे आल्या आणि तोच हात पुन्हा मागे नेला.

"व्यायल्याला दोन महिने झाले म्हणालात ना?"

"होय," बाबा म्हणाले. "आणि दूध अजून चढतंच आहे."

"काका, मग ही गाय वाळायला हवी होती."

बाबा हसले. "का म्हणून? उपाशी ठेवतो का आम्ही?"

"फळ्यावर लिहिलंय तेवढंच देत असाल, तर हो."

थोरल्याने काट्याचं पारडं उगाचच फडक्याने पुसलं.

*

थोरल्याची बायको दूधखोलीत चहाचे कप मांडत होती. तिला घरात बाबा सोडून सगळेच वहिनी म्हणत, सासूसुद्धा; धाकटीने पाडलेली सवय, ती तशीच राहिली होती. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी पहिल्यांदा हसून बोलली ती नणंद. एका पावसाळ्याचीच सोबत, पण तेवढ्यात दोघींनी इतकं बोलून घेतलं होतं की नंतरची शांतता वहिनीला पेलवली नाही. म्हणून ती फोन करायची. गोठ्यामागच्या टाकीशी उभी राहून, बादली भरत असल्याचा बहाणा करून. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

धाकटी फोनवर कधी बापाची चौकशी करायची नाही. भावाचीही नाही. आईचं विचारायची, ते इकडचं तिकडचं बोलत बोलत, मधेच. पण गाईचं सरळ विचारायची. खाते का, बसते का, डोळे कसे आहेत. आणि शेवटी म्हणायची, "वहिनी, फोन जरा तिच्या तोंडाशी धर ना." मग वहिनी भिंतीच्या झरोक्यातून हात आत घालून फोन धरायची, आणि पलीकडे धाकटी गाईचं रवंथ ऐकत राहायची. वहिनीचा हात भरून यायचा, पण तिने कधी तो आधी काढून घेतला नाही.

सगळे आत आले. सल्लागार बाईंनी चहा घेतला, पण बसल्या नाहीत. फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पातेल्यांचा आवाज थांबला होता, आणि आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी होती. तिच्यामागे आत्या, खुर्चीसकट.

"एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी अगदी साध्या भाषेत सांगितलं. गाईला आधी स्वतः उभं राहायला, चालायला, श्वास घ्यायला काहीतरी लागतं. ते भागलं की मग दुधासाठी लागतं, आणि दूध जेवढं जास्त तेवढं जास्त लागतं. व्यायल्यावर दूध झपाट्याने वर जातं, भूक मात्र मागे रेंगाळते. मधला फरक गाय स्वतःच्या अंगातून भरून काढते. चरबी वितळवते, मग मांस. म्हणून पहिले काही आठवडे फळ्यावर कुठलीही गाय गुणी दिसते. खाते कमी, देते जास्त. तो तिचा गुण नसतो. ती झिजत असते.

"दूध दोनच ठिकाणांहून येतं," बाई म्हणाल्या. "तोंडातून, नाहीतर पाठीवरून. तिसरी जागा नाही."

बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. ती गुणी नाही बाबा, ती झिजतेय. धाकटीचे हेच शब्द, याच खोलीत. तेव्हा आवाज वेगळा होता आणि ते उत्तर द्यायच्या इतके घाईत होते की ऐकायला वेळ झाला नव्हता.

आई मात्र दारात उभी राहून नीट ऐकत होती. पाठीवरून देणं म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लेक गेल्यापासून ती या घराला वेळेवर जेवायला घालत होती, हसायच्या जागी हसत होती, पाहुण्यांची उठबस करत होती. आत काही पडत नव्हतं. आपण इतकी वर्षं कुठून देतोय, हे तिला आज कळलं.

"आता ही तुमची गाय," बाई सांगत होत्या. "खाणं कमी, दूध भरपूर, आणि पाठ भरलेली. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. एकतर काटा चुकतोय, नाहीतर वजनाबाहेर कोणीतरी तिला घालतंय."

"काटा रोज मी तपासतो," थोरला म्हणाला. "काटा बरोबर आहे."

"आणि माझ्या घरात चोरून घालणारं कोणी नाही," बाबा म्हणाले.

बाईंनी खांदे उडवले. तसं असेल तर त्या सही करतील. पण केंद्राला गाय हवी होती ती या आकड्यासाठी, तिच्या पोटच्या वासरांनी कमी खाऊन जास्त द्यावं म्हणून. आकडा खोटा असेल तर केंद्र तिला नेणार नाही. त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

नेणार नाही, एवढंच आईने ऐकलं.

"मी घालते," ती म्हणाली.

सगळे वळले. आईने पदर सोडला नव्हता. तिने सांगितलं की दुपारी सगळे आडवे झाले की ती भिजवलेली सरकी घेऊन जाते. रोज. कटोराभर. वजनात धरण्यासारखी नाही, एवढ्याशाने काय होतंय, असं तिला वाटायचं.

"तू?" बाबा म्हणाले. "कशासाठी?"

"ती कोणाची आहे म्हणून घालते," आई म्हणाली. ते नाव तिनेही घेतलं नाही, पण खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं.

सल्लागार बाईंनी खडू उचलला, कोपऱ्यातलीच्या खाण्यात सरकीची भर घातली आणि नवा आकडा लिहिला. थोडा खाली आला. त्यांनी मान हलवली. तरी जमत नव्हतं. एवढ्या सरकीवर एवढी पाठ राहत नाही.

थोरल्याने घसा साफ केला. फडक्याची घडी केली, उलगडली. म्हणाला की तो तिचं खाद्य तोलतो ते बरोबर तोलतो, त्यात लबाडी नाही. पण तोलून झाल्यावर एक ओंजळ पेंड वरून टाकतो. सकाळ-संध्याकाळ. बाकी कुठल्याच गाईला टाकत नाही.

"काट्याशी उभा राहून?" बाबांचा आवाज चढला. "काटा बरोबर आहे म्हणालास ना आत्ता?"

"काटा बरोबरच आहे. ओंजळ काट्यावर नसते." थोरल्याने पहिल्यांदा बापाच्या नजरेला नजर दिली. "त्या दिवशी मी पाणी आणायला गेलो होतो, बाबा. आठवतं? तेव्हापासून टाकतो."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका खोलीत राहून दोघं एकाच गोठ्यात एकमेकांपासून लपून जात होती, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. नवरा उघडा पडला होता आणि त्याला एकटं ठेवणं तिला बरं वाटलं नाही.

"मक्याचा भरडा," ती म्हणाली. "एक वाटी, सकाळी. पण ती वाटी माझी नाही." ती थांबली, मग एका दमात बोलून टाकलं. "वन्सं सांगतात तेवढी घालते. फोनवर. त्या विचारतात आणि मी घालते."

खरं म्हणजे थोरल्याने रागवायला हवं होतं, तसा त्याचा चेहरा झालाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे," वहिनी म्हणाली. "बारीक झालीय म्हणते."

आई भिंतीला टेकली. बारीक झालीय हा एक शब्द तिने घट्ट धरून ठेवला. इतक्या वर्षांत लेकीबद्दल तिला कळलेली ती पहिली खरी बातमी होती, आणि ती वाईट असली तरी तिला ती हवीच होती.

"आता सगळे सांगतायतच तर," आत्या खुर्चीवरून म्हणाली, "भाजीची देठं आणि शिळा पाव मी देते. ती माझा हात चाटते. या घरात माझा हात दुसरं कोण चाटणार आहे?"

सल्लागार बाईंना हसू आलं, ते त्यांनी फळ्याकडे वळून लपवलं. भरडा, पेंड, देठं, सगळं मिळवलं. कोपऱ्यातलीचा आकडा एकेक गाय मागे सोडत खाली येत होता. बाईंनी बेरीज दोनदा तपासली आणि खडू हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"अजून कमी पडतंय," त्या म्हणाल्या. "मूठभर नाही, बरंच. कोणीतरी हिला रोज पोटभर चारा देतंय."

खोलीत आता एकच माणूस उरला होता.

बाबांनी कप खाली ठेवला. संध्याकाळची धार आटोपली की ते मुरघासाच्या खड्ड्याकडे फेरी मारायचे. झाकण नीट आहे का ते बघायला, असं म्हणायचे. खड्ड्याच्या मधला, आंबूस गोड वासाचा, सगळ्यात चांगला चारा घमेल्यात काढायचा आणि परतताना कोपऱ्यात ओतायचा. तिथे थोडं थांबायचं. बाकी गाईंकडे पाठ करून थांबायचं. ते खाद्य आहे असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. खाद्य म्हणजे सकाळी काट्यावर चढतं ते. हे म्हणजे उरलंसुरलं, जाता जाता टाकलेलं. ते टाकून घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा आकडा बघून खूश व्हायचे. माझं माप बरोबर आहे, म्हणायचे. यात काही विसंगत आहे असं शपथेवर विचारलं असतं तरी त्यांना वाटलं नसतं.

"घमेलं माझं," ते म्हणाले. "संध्याकाळचं."

बाईंनी विचारलं, किती भरून? बाबांनी दोन्ही हातांनी गोल करून दाखवला.

"शीग लावून," आत्या म्हणाली. "मी बघितलंय."

शेवटचा आकडा लिहिला गेला तेव्हा कोपऱ्यातली गोठ्यात सगळ्यात खाली होती. गेलेल्या तांबडीच्या आकड्याच्याही खाली. सल्लागार बाईंनी पेन खिशात ठेवलं. केंद्राला तसं कळवते, म्हणाल्या. ट्रक येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, गाय धडधाकट आहे, फक्त खादाड आहे. मग त्यांना वाटलं की आता इथे आपलं काम नाही, आणि त्या बूट आपटत बाहेर गाडीकडे गेल्या.

आईला हसायला हवं होतं. पण ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा फळ्याकडे.

थोरल्यालाही तेच दिसलं. "बाबा," तो म्हणाला, "मग आता? खाल्लेलं दुधात दिसलं पाहिजे. तांबडी याच फळ्यावरून गेली."

"राहील," बाबा म्हणाले.

"कुठल्या हिशेबात?"

"हिशेबात नाही बसत. माहितीये मला. राहील ती."

आई पुढे आली. लग्न झाल्यापासून तिने या दूधखोलीत आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. उलट इतकं हळू बोलली की आत्याने मान पुढे काढली.

"गाईला हिशेबाबाहेर ठेवता येतं तुम्हाला. मग लेकीला का नाही आलं ठेवता?"

बाहेर गाईंनी साखळ्या खडखडवल्या. धारेची वेळ होत आली होती. बाबांना उत्तर माहीत होतं. लेक बरोबर होती, म्हणून. चुकली असती तर चूक केव्हाच पोटात घातली असती. हे सांगण्यासारखं नव्हतं, पण ते इतकं स्पष्ट चेहऱ्यावर आलं की आईने नजर काढून घेतली आणि पदराने फळा पुसायला लागली. तिने आधी सगळ्यात खालचा आकडा पुसला.

"वहिनी," बाबा म्हणाले. त्यांनी सुनेला या नावाने कधी हाक मारली नव्हती. ते सूनबाई म्हणायचे. "फोन लाव तिला."

"काय सांगू?"

"सांगू नकोस काही. विचारायचंय. उद्यापासून हिला काय घालायचं ते विचार." मग जरा थांबून म्हणाले, "नको. दे इकडे."

वहिनीने फोन लावून त्यांच्या हातात दिला. घंटा वाजत राहिली. बाबा फोन कानाशी धरून गोठ्यात गेले, आणि कोणीही कोणाला न विचारता बाकीचे त्यांच्या मागे गेले. आत्या खुर्ची तिथेच टाकून गेली.

"वहिनी?" पलीकडून आवाज आला, घाईचा, घाबरलेला. "या वेळी कसा फोन? ती बरी आहे ना?"

बाबा गव्हाणीच्या कठड्याशी थांबले. आवाज थोडा जाड झाला होता. बाकी तोच.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडे मागे कुठेतरी रहदारी, एक दार बंद झाल्याचा आवाज. बाबांना वाटलं, फोन ठेवला. आईला त्यांच्या चेहऱ्यावरून तसंच वाटलं आणि तिने थोरल्याचं मनगट धरलं.

"तुझ्या गाईला," बाबा म्हणाले, "काय घालायचं ते विचारायचं होतं."

कोपऱ्यातली त्यांच्या बाहीला हुंगत होती, घमेलं कुठे आहे ते शोधत.

मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि धाकटीने विचारलं, "दूध टिकून आहे?"

"आहे."

"पाठीवर हात ठेवा तिच्या. मणके लागतात का?"

बाबांनी फोन खांद्यात धरला आणि गाईच्या पाठीवर तळवा टेकवला. "नाही लागत."

"नीट दाबून बघा, बाबा."

त्यांनी दाबला. ती बाबा म्हणाली होती. हात तिथून काढवेना. "दाबून बघितलं. पाठ भरलेली आहे."

"कशी असेल? दोन महिने झालेत व्यायल्याला. तुमच्या मापावर नाही राहणार एवढी, आणि वहिनीला मी एकच वाटी सांगितली होती." तिचा आवाज आता कामाचा झाला होता, थोडा भांडखोर, जसा असायचा. "आणखी कोण घालतंय तिला?"

बाबांनी मागे पाहिलं. वहिनी उभी होती, थोरला होता, त्याचं मनगट धरून आई होती, आणि आत्या भिंतीला धरून वाकून ऐकत होती.

"सगळेच," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त मी."